त्याचं सगळं जग एकाच दिवशी बदलू नये

पत्र

सप्रेम नमस्कार.

माझं वय 71. यजमान 77 वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. आम्ही साताऱ्यात राहतो. मोठा मुलगा नंदू (नाव बदललं आहे) 42 वर्षांचा. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच बौद्धिक अक्षमता. धाकटी मुलगी पुण्यात असते. नोकरी, सासू-सासरे, दोन मुलं असा तिचा भरलेला संसार आहे.

माझे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टर तीन वर्षं ऑपरेशन करा म्हणताहेत, पण नंदूला कोण बघणार म्हणून मी पुढे ढकलते आहे. गेल्या पावसाळ्यात यजमान बाथरूममध्ये घसरले. मी भाजी आणायला गेले होते. येऊन बघते तर नंदू त्यांच्या शेजारी फरशीवर बसून रडतोय आणि स्वतःची उशी आणून त्यानं बाबांच्या डोक्याखाली ठेवलीय. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. तेव्हापासून माझी झोप गेली आहे.

वर्षभरात नंदूही बदलला. शर्टाची बटणं स्वतः लावायचा, आता नुसता उभा राहतो. रात्री उठून घरभर फिरतो. काही सांगितलं की हट्टाला पेटतो. यजमान ओरडतात, मग दोघंही जेवत नाहीत. मुलगी म्हणते, 'तुमच्यानंतर मी आहे ना.' पण तिच्या गळ्यात हे ओझं कसं घालू? नणंद म्हणते, संस्थेत ठेवा. इतकी वर्षं पदराखाली वाढवलेलं लेकरू परक्यांच्या हवाली करू? खरं सांगते, रोज देवापुढे एकच मागते, याला माझ्या आधी ने. आई असून असं मागते याची लाज वाटते.

एक आई, सातारा

उत्तर

ताई,

तुम्ही देवापुढे जे मागता, ते मागणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. विशेष मुलांच्या आया जिथे जिथे मोकळेपणानं बोलायला बसतात, तिथे हे वाक्य कधी ना कधी कुणाच्या तरी तोंडून येतंच. आणि ते आलं की बाकीच्या माना खाली घालतात, कारण त्यांनीही तेच मागितलेलं असतं. माया आटली म्हणून कुणी असं मागत नाही. माझ्याइतकं याला दुसरं कुणी जपणार नाही, ही भीती त्यामागे असते. तेव्हा लाज सोडा. मात्र त्या मागण्यावर भिस्त ठेवून बसू नका, आणि ते का, हे स्पष्टच सांगते.

नंदूचा जन्म झाला त्या काळात डाउन सिंड्रोम असलेली मुलं फार जगत नसत. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतही त्यांचं सरासरी आयुष्य 25 वर्षांच्या आसपास होतं. आज ते 60च्या घरात आहे. जन्मजात हृदयदोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, जंतुसंसर्गावर वेळेत औषधं मिळू लागली आणि ही मुलं घरात, माणसांत वाढू लागली. नंदू साठीचा होईल तेव्हा तुम्ही 89 वर्षांच्या असाल. म्हणजे तो तुमच्यामागे राहील, हे धरूनच चालायला हवं.

तुमची पिढी या बाबतीत पहिलीच आहे. विशेष मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा 1944मध्ये सुरू झाली, पुण्यात कामायनी 1964मध्ये. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत अशा शाळा निघाल्या. पण सगळा विचार लहान मुलांचा होता. ही मुलं चाळिशी-पन्नाशी गाठतील आणि त्यांच्यासोबत त्यांचे आईवडीलही म्हातारे होतील, याची तजवीज फारशी कुणी केली नाही. तुम्ही कुणाला विचारणार? तुमच्या सासूबाईंनी किंवा आईनं हे केलेलंच नव्हतं. म्हणून चाचपडल्यासारखं होतं, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. आपल्याकडे बहुतेक घरांत काय होतं? आईवडील जमेल तोवर, आणि जमेनासं झाल्यावरही, सगळं स्वतःच करत राहतात. मग एक दिवस आई जाते. आणि त्या एका दिवशी त्या मुलाची आई जाते, घर जातं, पलंग जातो, ओळखीच्या हाताची आमटी जाते, खालचा वाणी जातो, रोज हाक मारणारे शेजारी जातात. तेराव्याच्या आत त्याला कुठल्या तरी गाडीत बसवून कुठे तरी नेलेलं असतं. तो जेवत नाही, बोलत नाही, आणि लोक म्हणतात, आईविना खंगला. आईचं जाणं कुणालाच टाळता येत नाही. बाकीचं मात्र टाळता येतं. तुम्ही दोघं धडधाकट नसलात तरी हयात आहात, आणि म्हणूनच नंदूच्या आयुष्यातले बदल एकेक करून, तुमच्या देखत करून घेण्याची संधी आज आहे. पत्रात तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांकडे मी याच नजरेनं बघते आहे.

सगळ्यात आधी नंदूची तब्येत. बटणं न लावणं, रात्री फिरणं, हट्ट करणं, याला स्वभाव बिघडला असं म्हणू नका आणि यजमानांनाही म्हणू देऊ नका. डाउन सिंड्रोम असलेल्यांचं शरीर लवकर म्हातारं होतं. चाळिशीनंतर त्यांचं थायरॉइड मंदावणं, ऐकू कमी येणं, मोतीबिंदू होणं, झोपेत श्वास अडखळणं हे फार जणांत दिसतं. यातल्या कशानेही माणूस सुस्त, चिडका, विसरभोळा होतो, आणि यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. कानात मळ घट्ट बसल्यामुळे 'ऐकत नाही' ठरलेली माणसं असतात. म्हणून आधी फिजिशियनकडे जाऊन थायरॉइड आणि बी-12 तपासा. कान आणि डोळे दाखवा. तो घोरतो का, झोपेत श्वास थांबतो का, हे सांगा. दात आणि पोट साफ होणं हेही विचारून घ्या. कुठे दुखतंय हे त्याला सांगता येत नसेल तर ते रागातूनच बाहेर पडणार.

हे सगळं ठीक निघालं, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. डाउन सिंड्रोममध्ये 21व्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनऐवजी तीन असतात, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचं जनुक नेमकं याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे इतरांना सत्तरी-ऐंशीत गाठणारा हा आजार या मुलांना पन्नाशीत, कधी चाळिशीतच गाठतो. नंदूला तेच झालंय असं मी म्हणत नाही. पण तसं असेल तर ते आत्ता कळणं तुमच्या पुढच्या प्रत्येक निर्णयासाठी गरजेचं आहे. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर दोन रकाने करून न्या: वर्षापूर्वी काय काय स्वतः करायचा, आणि आता काय काय करत नाही. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ असले तर आणखी चांगलं.

आणि एक गोष्ट घरच्या घरी बघा. वर्षभरात तो बदलला म्हणता, आणि यजमान पडले तेही गेल्या पावसाळ्यात. रात्री उठून तो नेमका कुठे जातो? दिवा न लावता एकदा बघा. बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत असेल, तर तो पहारा देतोय. बाबांना फरशीवर पडलेलं त्यानं एकट्यानं पाहिलंय, आणि त्यावर त्याच्याशी कुणी बोललंय असं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. बोला त्याच्याशी. बाबा पडले, तू घाबरलास, तू उशी आणलीस, फार चांगलं केलंस, आता बाबा बरे आहेत. एवढंच, पण पुन्हा पुन्हा.

त्या उशीवरून मला आणखी एक सांगायचंय. घाबरलेला असूनही त्या क्षणी बाबांच्या डोक्याखाली काहीतरी हवं, हे त्याला सुचलं. म्हणजे त्याला शिकवता येईल. बाबा किंवा आई पडली की शेजारच्या काकूंची बेल वाजवायची, ही एकच गोष्ट त्याला शिकवा. रोज संध्याकाळी खेळासारखी करून घ्या: तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसायचं, त्यानं जाऊन बेल वाजवायची, काकूंनी दार उघडून शाबासकी द्यायची. महिना लागेल, दोन लागतील. काकूंना आधी विश्वासात घ्या आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा. बाथरूममध्ये भिंतीला धरायला स्टीलचे दांडे बसवून घ्या. त्याला प्लंबरला अर्धा दिवस लागतो, वर्ष लागत नाही.

आता तुमचे गुडघे. ताई, इथे मी जरा कडक होणार आहे. 'नंदूला कोण बघणार' म्हणून तुम्ही ऑपरेशन टाळता, पण ज्या बाईला जिना उतरता येत नाही, ती 42 वर्षांच्या पुरुषाला आंघोळ करताना घसरला तर धरणार कशी? तुमचे गुडघे नंदूच्या देखभालीतच मोजायला हवेत. ऑपरेशन वेळेवर झालं तर पुढची दहा-बारा वर्षं तुम्ही त्याच्यासोबत बाजारापर्यंत चालत जाल. नाही झालं तर एक दिवस तुम्ही तिघं एकाच घरात एकमेकांकडे बघत बसाल.

मात्र ऑपरेशनच्या वेळीच नंदूला पहिल्यांदा कुठे बाहेर ठेवायचं, असं करू नका. आई दवाखान्यात आणि आपण अनोळखी जागी, हे त्याच्या दृष्टीनं आई कायमची गेल्यासारखंच होईल. त्याऐवजी तारीख ठरवण्याच्या दोन महिने आधी एखादा पुरुष मदतनीस लावा. सकाळचे दोन तास पुरतील: दात घासणं, आंघोळ, दाढी, नाश्ता. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा, मग स्वयंपाकघरात जा, मग देवळात. तुमच्यावाचून आंघोळ झाली, हे नंदूला कळायला हवं. तुम्हालाही कळायला हवं, आणि मला वाटतं तुम्हाला ते जास्त जड जाईल. दुसऱ्याच्या हातानं त्याचा एखादा केस राहील, शर्ट वेगळा घातला जाईल. चालू द्या. साधारण सहा आठवडे ते तीन महिने तुम्हाला वॉकर, व्यायाम आणि आराम यात जातील. त्या काळात मदतनिसाचे तास वाढवा. मुलीला ऑपरेशनच्या आठवड्यात सुट्टी घ्यायला सांगा, ती घेईल.

मुलीचा विषय निघालाच आहे. ती म्हणते 'मी आहे ना', आणि तुम्ही ते ऐकून सोडून देता, कारण तिला ओझं नको. तिला न विचारता तिच्या वतीनं नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? नंदू तिचा भाऊ आहे. ती त्याच्यासोबतच वाढली आहे. भाऊ आपल्याकडे राहणं आणि भावावर आपली नजर असणं, या दोन वेगवेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. पहिली तिला झेपणार नाही, दुसरी झेपेल, असं होऊ शकतं. पण ते ठरणार कसं? 'बघू तेव्हाचं तेव्हा' या वाक्यानं किती भावंडांची पुढे आयुष्यभराची कुतरओढ झाली आहे. एका रविवारी तिला आणि जावईबापूंना दोघांनाही बोलवा. एकटीला बोलवू नका, कारण नंतर घरी तिलाच सगळं समजावून सांगावं लागेल. पैशांचे आकडे समोर ठेवा: निवृत्तिवेतन किती, ठेवी किती, नंदूचा महिन्याचा खर्च किती. मग विचारा, तुम्हाला काय जमेल आणि काय जमणार नाही? 'जमणार नाही' हे उत्तर आलं तर ते आनंदानं स्वीकारा. आज कळलेला नकार चांगला, तुम्ही गेल्यावर कळलेल्या नकारापेक्षा.

कागदपत्रांबद्दल थोडं विस्तारानं लिहिते, कारण यात यजमानांची सही लागते आणि ते 77 वर्षांचे आहेत.

नंदू 18 वर्षांचा झाला त्या दिवसापासून कायद्यानं तो सज्ञान आहे. तुम्ही आईवडील आहात, पण त्याचे कायदेशीर पालक आपोआप नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं यासाठी कोर्टाची पायरी न चढता मार्ग दिला आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, शिवाय एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. त्या समितीकडे अर्ज करून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्या. बँका ते मान्य करतात, रिझर्व्ह बँकेनं 2007मध्ये त्यांना तशा सूचना दिल्या आहेत. तुमची वयं पाहता मुलीचं नाव आत्ताच पालक म्हणून लावता येईल का, हे अर्ज करतानाच विचारा. पालक होणाऱ्याला नंदूच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांत आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यावा लागतो, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. समितीपुढे नंदूलाही न्यावं लागू शकतं. त्याला ते ऑफिस आधी एकदा बाहेरून दाखवून आणा.

निवृत्तिवेतनाचं काम त्याहून निकडीचं आहे आणि ते अनेकांना माहीतच नसतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982च्या नियम 116प्रमाणे, ज्या अपत्याला अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करता येत नाही, त्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. यजमानांनंतर तुम्हाला, आणि तुमच्यानंतर नंदूला. पण त्याचं नाव यजमानांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत आहे का? निवृत्तीच्या वेळी कुणी तरी 'पत्नी' एवढंच लिहून मोकळं झालेलं असतं. पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश, काढून बघा. नाव नसेल तर ज्या कार्यालयातून ते निवृत्त झाले तिथे, नंदूचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून, यजमानांच्याच सहीनं अर्ज द्या आणि पोच घ्या. ते हयात असताना हा अर्ज सोपा आहे. दोघंही गेल्यावर हेच काम मुलीला कुठल्या कुठल्या टेबलांवर फिरवेल, ते सांगायला नको. नंदूचं प्रमाणपत्र जुनं, कागदी असेल तर त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, करून घ्या, पुढे सगळीकडे तेच मागतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विम्याची नोंदणीही त्याच सोबत करा. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यातून परत मिळतो आणि आधीपासूनच्या आजारांमुळे विमा नाकारला जात नाही. न्यासाकडे नोंदणी असलेल्या कुठल्याही संस्थेमार्फत अर्ज होतो.

घर नंदूच्या नावावर थेट करू नका. विकायची किंवा भाड्यानं द्यायची वेळ आली तर सही कोण करणार, हा पेच उभा राहतो. 'सगळं मुलीच्या नावावर, ती बघेल त्याचं' हेही नको. मुलीवर अविश्वास म्हणून मी हे सांगत नाही. पण उद्या तिचंच काही बरंवाईट झालं तर ते घर तिच्या वारसांकडे जाईल, आणि नंदूचा त्यावर कागदोपत्री काहीच हक्क नसेल. चांगल्या वकिलाला गाठून मृत्युपत्र करा आणि त्यातून नंदूसाठी खासगी विश्वस्त निधी करता येईल का ते विचारा. विश्वस्त दोन तरी असावेत, आणि त्यातला एक तुमच्या मुलीच्या पिढीचा. साक्षीदारही तुमच्या वयाचे घेऊ नका.

वकिलाच्या कागदाइतकीच किमती एक वही आहे, आणि ती तुम्हीच लिहू शकता. नंदूबद्दल जे फक्त तुम्हाला माहीत आहे ते सगळं त्यात उतरवा. ताप आला की तो सांगत नाही, चहा अर्धा ठेवतो. फटाके वाजले की पलंगाखाली जातो, ओढून काढायचं नाही. गोळी दह्यासोबत घेतो. संडासातला दिवा रात्रभर चालू लागतो. राग आला की पाच मिनिटं एकटं सोडायचं, मग पाणी द्यायचं. कुठल्या गाण्यावर हसतो, कुणाचं नाव काढलं की रुसतो. मी हे माझ्या मनानं लिहिलं. तुमच्या वहीत नंदूचं असेल. रोज झोपण्याआधी चार ओळी लिहा, यजमानांना त्यांच्या चार ओळी लिहू द्या. शिक्षक माणूस, अक्षर चांगलं असणार. उद्या त्याच्याजवळ मुलगी असो, मदतनीस असो की संस्थेतली ताई, तिला ही वही हातात मिळायला हवी.

आणि संस्था. नणंदबाईंनी ते ज्या सुरात म्हटलं असेल तो सूर तुम्हाला लागला, हे कळतंय. पण संस्थेत ठेवणं म्हणजे टाकणं, हे मनातून काढा. आपल्याकडच्या काही चांगल्या संस्था तुमच्यासारख्याच पालकांनी, याच प्रश्नापायी उभ्या केल्या आहेत. बदलापूरची आधार ही पालकांची संस्था. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल. तुम्हाला जवळची म्हणजे मुळशी तालुक्यात कोळवणची साधना व्हिलेज आणि हिंजवडीजवळ मारुंजीची नवक्षितिज. प्रत्येक ठिकाणचे नियम, खर्च, वयाच्या अटी वेगळ्या, आणि मागितल्याबरोबर जागा मिळेलच असं नाही. म्हणूनच गरज पडायच्या आधी बघून यायचं.

बघताना इमारत आणि बाग बघून भारावून जाऊ नका. संध्याकाळी सातच्या सुमारास, जेवणाच्या वेळी जाण्याची परवानगी मागा. तिथल्या मुलांची नखं बघा, दात बघा. संडासाचा वास बघा. दुपारी ती काम करत असतात की टीव्हीपुढे ओळीनं बसवलेली असतात? रात्री किती मुलांमागे किती माणसं जागी असतात? औषधांची नोंदवही दाखवतात का? मूल अंथरुणाला खिळलं तर इथेच ठेवतात की घरी न्यायला सांगतात? हा प्रश्न नंदूच्या बाबतीत विसरू नका. पालक वाटेल तेव्हा भेटायला येऊ शकतात का? सणाला घरी पाठवतात का? अनामत परत मिळते का, ते लेखी घ्या. आणि जी संस्था घर नावावर करून मागते, तिथून चहा न पिता निघा.

पण ताई, या सगळ्यात एका माणसाला कुणीच विचारलेलं नाही. तुम्ही, मुलगी, नणंद, सगळ्यांची मतं पत्रात आहेत. नंदूचं नाही. त्याला 'तू संस्थेत जाशील का' असं विचारून उपयोग नाही, ते तर तुम्हा-आम्हालाही कळणार नाही. त्याला घेऊन जा. एक दिवस जेवून या. दुसऱ्यांदा एखाद्या सणाच्या कार्यक्रमाला जा. जमलं तर तिसऱ्यांदा दोन रात्री राहू द्या आणि तुम्ही पुण्यात मुलीकडे राहा. परत येताना तो गाडीत काय बोलतो, कुणाचं नाव घेतो, हात धरून ओढतो की गप्प होतो, त्यात त्याचं उत्तर असेल. काही मुलं तिथे फुलतात, कारण चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या वयाचे मित्र मिळतात. काही अजिबात रमत नाहीत. नंदू यातला कोणता, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. साताऱ्यात मोठ्या मुलांची दिवसाची कार्यशाळा असेल तर त्यापासून सुरुवात करा. वाती वळणं, पाकिटं चिकटवणं काहीही असो, रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणं हेच मोठं काम आहे. ते चार तास तुमचेही असतील.

त्या चार तासांत काय करायचं ते मी सांगते, कारण तुम्ही कपाटं आवरायला घ्याल. यजमान आणि तुम्ही शेवटचे एकत्र कुठे गेलात? लग्नाला एकानं जायचं आणि एकानं नंदूजवळ थांबायचं, असंच चाललं असेल ना? दोघं मिळून जा. कुठेही जा, गुडघे बरे झाल्यावर सज्जनगडावर जा, नाही तर कुणाच्या घरी नुसतं बसून या. यजमान ओरडतात म्हणून लिहिलंत, त्यांच्याही बाजूनं बघा. स्वतःच्या बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला आपलं बळ संपत चाललंय हे कळलंय, आणि पुरुषांना ते बोलता येत नाही, ओरडता येतं. त्यांनाही बीपी, साखर, डोळे तपासायला न्या. आणि तुमची झोप महिनोन्महिने गेलेली असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर ते तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. त्यावरही औषध असतं.

शेवटचं अवघड. घरात कुणी गेलं तर अशा मुलांना 'गावाला गेलेत' असं सांगायची पद्धत आहे. नका सांगू तसं. गावाला गेलेलं माणूस परत येतं, म्हणून ही मुलं वर्षानुवर्षं दाराकडे बघत बसतात. नात्यात, शेजारात कुणी गेलं तर नंदूला सोबत न्या. दर्शन घेऊ द्या, रडणारी माणसं बघू द्या. 'ते मेले, आता येणार नाहीत, आपण त्यांची आठवण काढायची,' इतक्या साध्या शब्दांत सांगा. घरात फोटोंचा एक अल्बम त्याच्या हाताला लागेल असा ठेवा. उद्या तुमच्यापैकी एकाची वेळ आली तर मुलीला आत्ताच बजावून ठेवा, त्याला शेजारी पाठवायचं नाही, त्याचाही शेवटचा नमस्कार व्हायला हवा.

कामं खूप वाटतील. एकदम सगळी करायची नाहीत. या आठवड्यात नंदूची थायरॉइडची तपासणी आणि कपाटातून पीपीओ काढणं, एवढंच करा. गुडघ्यांच्या डॉक्टरांची वेळ मुलीला घ्यायला सांगा, म्हणजे तुम्हाला ती पुढे ढकलता येणार नाही. तपासण्यांमध्ये काय निघालं ते कळवा. त्यावरून आधी मदतनीस की आधी कार्यशाळा, ते पुन्हा लिहून बोलू.